विशाखा शांत नव्हती

विशाखा गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मेलबर्नमधल्या क्लेटनच्या सुपरमार्केटबाहेर, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर, मास्क लावून मी रांगेत उभी होते. ग्रुपवर आधी जोडलेले हात आले, मग आणखी जोडलेले हात, आणि हे कोणासाठी म्हणून मी वर सरकत गेले... सगळ्यात वर तिचं नाव होतं. लॅबमध्ये शिफ्ट चालू असताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, एवढं आधीच कळलं होतं. तेव्हा मी हॉस्पिटलला फोन केला होता, आणि पलीकडच्या बाईने फार गोड आवाजात विचारलं, तुम्ही फॅमिली का? मी म्हटलं, मैत्रीण. मग तिने तितक्याच गोड आवाजात मला नियम वाचून दाखवला. जी फॅमिली होती ती नागपूरला, आणि विमानं बंद. म्हणजे नियमाप्रमाणे तिच्याजवळ कोणीही बसायचं नव्हतं. नियम अगदी नीट पाळला गेला.

आम्ही तिघं एकाच वर्षी इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलो. विशाखा नागपूरची, ललित पुण्याचा, मी ठाण्याची. पुढे नोकऱ्या लागल्या, इथे कायमचं राहायला पीआर मिळाला, ललितने ग्लेन वेव्हर्लीत घर घेतलं. आपली माणसं इथे येऊन जे जे करतात ते सगळं आम्ही केलं. विशाखाने एक जास्तीचं केलं. लॅबमधल्या लोकांनी तिला एकदा नगांबीच्या तळ्यावर वॉटर स्कीइंगला बोलावलं, तेव्हा तिने आम्हालाही ओढत नेलं. आम्ही काठावर बार्बेक्यूच्या धुरात उभे राहून फोटो काढत होतो आणि ही बाई, पोहता येत नसताना, लाइफ जॅकेट बांधून पाण्यात. दिवसभर पडली. नाकातोंडात पाणी, तळहातांना फोड, आणि दर वेळी वर आली की एकच, "वन मोर, मेट, वन मोर!" दुसऱ्या आठवड्यात तिने कौन्सिलच्या पूलमध्ये क्लास लावला. बरोबरची मुलं पहिली-दुसरीतली. ती हिला हसायची, ही त्यांना हसायची.

मग ती स्लॅलमच्या मागे लागली. स्लॅलम म्हणजे दोन्ही पाय एकाच स्कीवर, एकामागे एक. बोट सरळ रेषेत जाते आणि तुम्ही दोरी धरून तिच्या मागून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पाणी कापत जायचं, तरंगत्या गोळ्यांना वळसे घालत. विशाखाने आणि ललितने मिळून एक जुनी बोट घेतली. इलेक्ट्रिशियन असल्यामुळे ललितला इंजिनाचंही सगळं कळतं असा त्याचा समज होता, तो विशाखाने महिनाभरात मोडून काढला. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पोचलं की तिची परेड सुरू व्हायची. बोटीच्या बुडाचं बूच लावलं का? लावलं असं सांगून चालायचं नाही, दाखवायचं. इंजिनाच्या खणातली पेट्रोलची वाफ पंख्याने बाहेर काढल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. दोरी मधल्या खांबाला बांधली की ती स्वतः लोंबकळून बघणार. मग आमची वजनं. माणसं एका बाजूला बसली की बोट कलते आणि मागच्या लाटा वाकड्यातिकड्या उठतात, म्हणून ती पाण्यातून मला ओरडायची, "सुजे, डावीकडे सरक. अजून. कालची बिर्याणी दिसतेय बरं का!" इथल्या कायद्याने बोटीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस लागतं, मागे तोंड करून फक्त स्कीवाल्याकडे बघत बसणारं. ते माणूस मी. लोक दोरी ओढायला सांगताना "हिट इट" म्हणतात. विशाखा म्हणायची, "चाल बे!" ललित दर शनिवारी चिडायचा, "मला बे म्हणू नकोस." आणि दर शनिवारी थ्रॉटल पुढे ढकलायचा.

मी इतकी वर्षं तिच्याकडे बघत बसले, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे असं मी समजते. ती जवळजवळ आडवी होऊन वळायची, कोपर पाण्याला टेकेपर्यंत, आणि तिच्या मागे पाण्याची भिंत उभी राहायची. वळण साधलं की नागपुरी शिव्या द्यायची, फसलं की इंग्रजी. काठावरची गोरी मंडळी कौतुकाने विचारायची, ती काय म्हणतेय? मी सांगायची, प्रार्थना.

मग लॉकडाऊन आला. पाच किलोमीटरच्या आत राहायचं, आणि व्यायामाला बरोबर एकच माणूस. स्कीइंगला तीन लागतात. एक पाण्यात, एक स्टिअरिंगवर, एक मागे बघायला. तीनमधून एक वजा केला की हा खेळ शिल्लकच राहत नाही. विशाखा दिवसभर लोकांच्या नाकातले नमुने तपासायची, डबल शिफ्ट करायची, कागदोपत्री अत्यावश्यक होती. मोकळ्या हवेत, भर पाण्यात, दोन ओळखीच्या माणसांपासून लांब दोरीच्या टोकाला उभं राहायला मात्र तिला बंदी. नियम करणारे वाईट होते असं मी म्हणत नाही. पण मला राग आला होता आणि तो मी काय म्हणून गिळू?

शेवटचं मी तिला पाहिलं ते फोनवर. बोट ललितच्या ड्राइव्हवेत ताडपत्रीखाली होती. चालवली नाही तर इंजिन धरेल, म्हणून बागेतला पाण्याचा पाइप जोडून ते अधूनमधून सुरू करायचं. विशाखा चालायला म्हणून निघाली आणि फुटपाथवर उभी राहून सूचना देऊ लागली. ललितने मला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या सीटवर टेकवून ठेवला होता. इंजिन सुरू झालं, समोरच्या घरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, या दिवसांत लोक मरतायत आणि तुम्हाला बोट सुचते? विशाखाने मास्क खाली न घेता उत्तर दिलं, "आय नो दे आर. आय काउंट देम." बाई आत गेली. विशाखा ललितला म्हणाली, "बघत काय बसलास? थोडं अजून चालू दे." मग माझ्याकडे, म्हणजे फोनकडे वळून म्हणाली, "सुजे, उघडलं की पहिल्या शनिवारी. तारीख विचारू नकोस, तयार राहा."

अंत्यसंस्काराला मोजून दहा माणसं. पुढे बौद्ध रीतीचा जलदान विधी झूमवर ठेवला. भन्तेजी नागपूरहून, तिचा भाऊ मिलिंद आणि आई घरून, आणि मेलबर्नची आम्ही सगळी मंडळी आपापल्या चौकोनात पांढऱ्या कपड्यांत. मिलिंदने आदल्या दिवशी मला मेसेज केला होता, "ताई, प्लीज ते स्कीइंगचं काढू नका. आईला माहीत नाही. शिवाय अशा वेळी मौजमजेचं बरं दिसत नाही." आईला माहीत नाही, हे वाचून मी विशाखावरच भडकले. एवढी धीट बाई, आणि आईला सांगायला जीभ उचलली नाही! गाथा सुरू झाली. मिलिंद पेल्यातलं पाणी वाटीत ओतत होता, ते ओतता ओतताच त्याचं चित्र अडकलं आणि पाण्याची धार हवेत तशीच राहिली.

मग श्रद्धांजलीची भाषणं. इथले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी सुरुवात केली. विशाखा शांत होती. सोशिक होती. तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पुढचा म्हणाला, ती योद्धा होती, तिने आपल्याला त्याग शिकवला. तिसरीने, जी विशाखाला आयुष्यात दोनदा भेटली असेल, तिच्या मूक हास्याची आठवण काढली. मूक! नेहमी असंच होतं. बाई मेली की तिला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. माझी पाळी आली. मी म्हटलं, तुम्ही कोणाबद्दल बोलताय ते मला कळत नाही. मी जिला ओळखत होते ती शनिवारी पहाटे उठून गाडीला बोट जोडून नगांबीला जायची, तिथे... एवढ्यात माझ्या चौकोनात लाल माइक आला. सरांनी मला म्यूट केलं होतं. मी बटण दाबत राहिले, ते उघडेना. मी तशीच बोलत राहिले, रडत, ओरडत, माझ्याच किचनमध्ये. सर म्हणाले, सुजाताताईंना भावना अनावर झाल्या आहेत, आपण समजू शकतो. मी लॅपटॉप आपटून बंद केला. तो अजूनही नीट चालत नाही.

तीन-चार आठवड्यांनी नागपूरहून फोन आला. विशाखाची आई. आम्ही आधी कधी सणावाराच्या पलीकडे बोललो नव्हतो.

"त्या दिवशी तू काय बोलत होतीस? तोंड हलताना दिसलं, आवाज नाही आला."

मिलिंदला काय वाटेल, यांना काय वाटेल... मग वाटलं, बास झालं. मी सगळं सांगितलं आणि एक व्हिडिओ पाठवला. त्या फोन चालू ठेवूनच पाहत होत्या. इंजिनाचा आवाज मला तिकडून परत ऐकू येत होता.

"पडली!" त्या एकदम किंचाळल्या.

"थांबा आई, पुढे बघा."

"उठली... परत चालली ही!" मग बराच वेळ नुसतं इंजिन. "मला काऊन नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं. ऐकलं असतं का तिनं?"

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही हसवेना.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या. "यात उतराले कोणाले विचारा लागते का?"

"नाही, आई. कोणालाच नाही."

"आमच्या गावच्या विहिरीवर आम्ही खाली उभ्या राहत होतो. वरून कोणी ओतलं तर घागर भरे." त्यांनी नाक ओढलं. व्हिडिओ पुन्हा सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. "आन् तो तुमचा सर म्हणते, शांत होती. माझी पोट्टी शांत? मी इकडून बोंबलत होते, का असं नका म्हणू. मिलिंद म्हणे, आई, आपलं म्यूट आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विशाखा सांगे, तू पेपरात लिहितेस म्हणून."

"हो, कधीकधी."

"मग लिही. बोट लिही, शिव्या लिही. आन् पडली, तेबी लिही."