उशिरा सरळ होणारी लाँच

नागपूरहून इंजिनिअरिंग करून मी पुण्यात आले तेव्हा समुद्र पाहिलेलाही नव्हता. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली, ती जहाजं उलटू नयेत याचं गणित मांडायची. कामं बहुतेक परदेशी. मधेच एकदा कोकणातल्या एका प्रवासी लाँचचं काम आलं. वजन कुठे, माणसं किती, सगळी एका बाजूला गेली तर लाँच किती कलेल, हे सगळं मांडून मी पुस्तिका केली. ती लाँचवरच ठेवायची असते.

वर्षभराने पुस्तिकेवरचा नंबर पाहून लाँचच्या तांडेलाने ऑफिसात फोन केला. म्हणजे लाँच चालवणाऱ्यानेच.

"मॅडम, मालकांनी टपावर बाकं टाकलीत. तेव्हापासून लाँच कलली की सरळ व्हायला वेळ लावते. पॅसेंजर खूश आहेत, धक्के बसत नाहीत म्हणतात. मला काही ठीक वाटत नाही."

भक्कम बोट झटकन सरळ होते. वर वजन चढलं की ती सावकाश, मऊ डुलते. प्रवाशांना बरं वाटत होतं, तोच धोका होता.

"वर कुणालाच बसवू नका," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा तांडेल येईल. तुम्ही लिहून द्या. कागद दाखवला तर ऐकतील."

दुपारभर बसून मी नव्याने गणित केलं. उत्तर वाईट होतं. कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"वा. हे करायला आपल्याला कोणी सांगितलं होतं?"

"तांडेलाचा फोन होता, सर."

"तांडेल आपला क्लायंट नाही. मालकाने बदल कळवलेला नाही, म्हणजे आपल्या लेखी तो झालेलाच नाही. पत्र पाठवलंत की अडकलात."

मी पत्र पाठवलं नाही. तांडेलाचा पुन्हा फोन आला तेव्हा "साहेबांशी बोलतेय" म्हणाले. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी जागेवर नाही असं सांगायला लावलं.

सुट्ट्यांत एकदा डॉल्फिन दिसले म्हणून टपावरची माणसं एका बाजूला धावली. लाँच कलली ती परत उठलीच नाही. बुडालेल्यांत तांडेलही होता. ते मला पेपरातून कळलं, सकाळी कंपनीच्या बसमध्ये. शेजारची मुलगी विचारत होती, बरं नाही का. मी म्हटलं, झोप झाली नाही.

चौकशीसाठी आमची फाईल मागवली गेली. त्यात बाकं नसलेल्या लाँचचा हिशेब होता आणि तो बिनचूक होता. बाकं धरून केलेलं ते गणित माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मी ते दिलं नाही.

"बघा, पत्र गेलं नाही तेच बरं झालं," साहेब म्हणाले. मी मान हलवली.

पुढच्या सोमवारी मला एका परदेशी फेरीबोटीचं काम दिलं. ते मी वेळेत पूर्ण केलं.