लखोट्यावर फक्त नंबर होता

ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि गुन्हेगार सुटला म्हणून नव्हे. त्या केसमध्ये गुन्हाच नव्हता. जे वाईट घडलं ते माझ्या हातून घडलं.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. विक्रोळीतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बेकायदा गर्भपात होतात, गेल्या गुरुवारी एक झालाय, कागद तपासा, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद झाली. या गृहस्थाला नेमका गुरुवार कसा ठाऊक, हे तिथल्या तिथे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

आमचा बीट हवालदार मालवणकडचा. तो म्हणाला, "साहेब, तिथल्या मोठ्या सिस्टर आमच्या गावच्याच. लई देवधर्माच्या. बाळंतपणं शेकड्यांनी केली असतील, पण गर्भपात असला की आत पाऊल टाकत नाहीत. पाप मानतात ना. त्यांना विचारा, सगळं सांगून टाकतील."

मला हे एकदम पटलं. ज्या बाईला गर्भपात पाप वाटतो ती आपलीच साक्षीदार, असा हिशोब मी करून टाकला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. तो नियम मी कटाक्षाने पाळला. महिला कॉन्स्टेबल सोबत घेऊन प्रसूतिगृहात गेलो. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेत होत्या. सिस्टर ड्युटी रूममध्ये भेटल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस चापून बांधलेले, कमरेला कपाटाच्या किल्ल्या. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि टेबलावर त्यांचा डबा तसाच बंद होता.

"जेवला नाहीत?"

"आज सकाळी एक केस होती. तसल्या दिवशी मी उपास करते." आवाजात ना लाज, ना तोरा.

मी लगेच धागा पकडला. "म्हणजे तुम्हाला हे पटत नाही. मग गेल्या गुरुवारचं सांगा. कोण बाई होती?"

"ते मी सांगणार नाही."

"तुम्हीच पाप म्हणता ना?"

"माझं पाप-पुण्य माझ्या घरी, साहेब. आत दुसरी सिस्टर जाते. पण बाई बाहेर आली की तिला चहा मी देते, रक्त किती जातंय ते मी बघते, रडली तर जवळ मी बसते. तिला काय सांगू, तू पापी आहेस म्हणून?"

मी आवाज चढवला. पुरावा दडवणं, सरकारी कामात अडथळा, नेहमीची पोलिसी सरबत्ती केली. कपाट उघडायला लावलं. आत पाकिटांचा गठ्ठा होता. अशा बाईचं संमतीपत्र सीलबंद लखोट्यात ठेवतात; वर 'गुप्त' असा शिक्का, नंबर आणि तारीख, नाव कुठेच नाही. गुरुवारच्या तारखेचा एकच होता.

सिस्टरांनी त्यावर हात ठेवला. त्या चिडल्या की गावची बोली तोंडात येत असावी. "साहेब, ह्या फोडू नकात. नाव भायर गेला तर त्या बाईचा घर ऱ्हवाचा नाय."

कायद्याने तो लखोटा असा कुणालाही उघडता येत नाही. तसाच संशय असता तर मी कोर्टात जायला हवं होतं. हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. घाई होती आणि समोर एक नर्स होती, एवढंच. मी तिचा हात बाजूला केला आणि लखोटा फोडला.

नाव, पत्ता, सही. सज्ञान बाई, स्वतःची संमती. तरी मी जबाबासाठी हवालदाराला तिच्या चाळीत पाठवलं. त्याने दारात उभं राहून मोठ्याने तिचं नाव घेऊन विचारलं आणि प्रसूतिगृहाचंही नाव घेतलं. दार सासूने उघडलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर सगळे कागद घेऊन आल्या. सगळं कायदेशीर होतं. मग मी, उशिरा का होईना, त्या फोनचा नंबर काढायला लावला. तो त्या बाईच्या नवऱ्याचा निघाला. दोन मुलींवर त्याला मुलगा हवा होता. तिसरं बाळंतपण बायकोला झेपणार नव्हतं आणि तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. गुरुवारी ती त्या प्रसूतिगृहात गेली होती एवढं त्याच्या कानावर आलं होतं; बाकी फक्त संशय होता. तो पक्का करायला त्याने पोलीस वापरले, आणि मी वापरू दिलं.

चार दिवसांनी सिस्टर ठाण्यात आल्या. सोबत ती बाई, मनगटाला प्लास्टर, कपाळावर टाके. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं, आणि त्याने तिच्या कामावर जाऊन तमाशा केल्यामुळे तिची मरोळची नोकरीही गेली होती. पुढे आम्ही त्याला अटक केली, दोषारोपपत्र पाठवलं. ती मुलींना घेऊन माहेरी गेली. नोकरी आणि घर तिला माझ्या दोषारोपपत्राने परत मिळालं नाही.

तीस-बत्तीस वर्षांत मी माणसं ओळखतो असा माझा मोठा तोरा होता. एखादी गोष्ट पाप मानणारी बाई ती करणाऱ्या बाईला पाठीशी घालेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सिस्टरांनी आपला देव आणि आपली ड्युटी दोन्ही सांभाळलं, उपाशी राहून. मला एक लखोटा सांभाळता आला नाही.

त्या दिवशी माझ्या केबिनमध्ये सिस्टरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. बाई बोलायला लागणार एवढ्यात त्यांनी मागे वळून पाहिलं. बाहेरच्या बाकावर चार माणसं कान देऊन बसली होती.

"साहेब, निदान आता तरी दार लावा."

मी उठून दार लावलं. माफी मागायची असं ठरवून खुर्चीत बसलो, कागद पुढे ओढला, आणि तोंडातून सवयीचाच प्रश्न बाहेर पडला, "नाव काय तुमचं?"

तिने मान खाली घालून ते सांगितलं.