कट्टा विकणाऱ्याची शिक्षा

दुपारचं जेवण झालंय. आरामखुर्चीत पडलोय, छातीवर कायदा-सुधारणा समितीला पाठवायचा मसुदा. बेकायदा शस्त्रं आणणाऱ्या-पुरवणाऱ्यांच्या शिक्षेबद्दल त्यांनी लोकांकडून सूचना मागवल्यात. आज शेवटचा दिवस. चारच्या आत पाकीट टपालात पडायला हवं. डोळे मिटतात, तरी पंख्याची घरघर ऐकू येत राहते.

त्या घरघरीतूनच प्रमिलाक्का बोलते. माझी थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाची वरात दारात आली, ती ओवाळायला पुढे झाली, आणि नवरदेवाच्या मित्राने आनंदाच्या भरात झाडलेली गोळी तिला लागली.

"दिगू, कितवा मसुदा हा?"

"सातवा."

"मला एकच गोळी पुरली रे."

मी चाळीस वर्षं काढली त्या ग्रंथालयात आम्ही आहोत. अक्का पुस्तकं देण्याच्या खिडकीवर बसलीय. मी एक कपाट उघडतो तर आत न्यायालय. गोळी झाडणाऱ्याला सात वर्षं होतात. त्याला गावठी कट्टा विकणारा, असे तीसेक कट्टे विकून बसलेला माणूस पिंजऱ्यातून उतरून चालू लागतो. खटल्याला लागणारी कलेक्टरांची मंजुरी कागदांत लावायची राहिली होती.

"आणि तू काय करत होतास?" अक्का विचारते.

"मागच्या बाकावर होतो."

"तू तिथेच बसतोस. स्वतःच्या लग्नातसुद्धा."

मला हसू येतं आणि लगेच अंगाची आग होते. बाकं आता आमच्या गल्लीत आहेत. तो माणूस त्यांच्यावर कट्टे मांडत चाललाय, भाजी मांडावी तसे. मी ओरडतो; आवाज फुटत नाही.

"लिहिलंयस ते वाच," अक्का म्हणते.

"राहिलेली मंजुरी नंतर जोडता यावी, तेवढ्यावर आरोपी सुटू नये. विकलेल्या शस्त्राने माणूस मेला, तर विकणाऱ्यालाही त्या मृत्यूची शिक्षा व्हावी." मी थांबतो. "पण अक्का, मी वकील नाही. समितीतले विद्वान हसतील."

"हसू देत. मी मेलेय."

जाग येते. साडेतीन. मुठीत पेन आहे. डोळा लागला तेव्हा नव्हतं. मसुद्यातल्या 'अल्पमतीप्रमाणे', 'कदाचित', 'धृष्टतेबद्दल क्षमस्व' या सगळ्यांवर रेघा ओढल्यात, इतक्या जोराने की कागद जागोजाग फाटलाय. उरलेली वाक्यं कुणाची माफी मागत नाहीत.

आठव्यांदा उतरवून काढायला वेळ नाही. फाटकाच कागद पाकिटात घालतो आणि चपला शोधतो.