तिने लिहिलेला राजीनामा

यात नावं नाहीत. आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कोणी शिव्या देऊ नयेत. सून म्हणते, "बाबा, नावांशिवाय आठवणी म्हणजे फोडणी नसलेलं वरण." असेल. तसंच खा.

मी सातवी शिकलेला. विदर्भातून दिल्लीला आलो, पोलिसात शिपाई म्हणून लागलो. पुढे माझं काम झालं मुखबिर सांभाळणाऱ्या पोरांना सांभाळायचं. मुखबिर म्हणजे आपल्याकडचा खबऱ्या. खबऱ्याशी मी स्वतः बोलत नव्हतो. त्याच्याशी बोलणाऱ्या सहा जवानांना बोलायचं कसं ते शिकवत होतो. कागदावर इन्चार्ज दुसराच, पण पोरं उस्ताद मलाच म्हणायची.

पहिला आठवडा मी त्यांना चपला घालून बाजारात चालायला लावायचो. पोलिसाला बुटांची सवय. साध्या कपड्यातही तो टाच आपटत चालतो आणि पानवाला त्याला लांबून ओळखतो. चाल सुधारली की बोलणं. भेटल्यावर आधी घरचं विचारायचं, कामाचं शेवटी.

एक हरयाणवी पोरगा होता. हुशार, पण जीभ सैल. एकदा म्हणाला, "उस्ताद, मेरा मुखबिर कहता है..."

मी तिथेच तोडला. "तेरा? ब्याह किया है उससे?"

बाकीचे खो खो हसले.

"वो अपनी घरवाली का है. तेरा काम है उसका नाम भूलना."

या पोराचा खबऱ्या एका गॅरेजात कामाला होता. त्या दिवसांत यमुनेपलीकडे नव्या सोसायट्या उठत होत्या. मयूर विहारात आम्हीही फ्लॅट घेतलेला. ज्याच्या दारात काल स्कूटर, त्याच्या दारात आज नवी कोरी गाडी, आणि परवा ती गायब. चोरलेल्या गाडीचा नंबर घासून दुसरा ठोकायचं काम त्या गॅरेजात चालायचं. खबऱ्याने सांगितलं, आम्ही टोळी धरली. गॅरेज कुठे होतं? फरीदाबाद म्हणा, नाहीतर म्हणू नका.

टोळीतले दोघे जामिनावर सुटले आणि 'कोणी सांगितलं' विचारत हिंडायला लागले. त्याच महिन्यात आमच्याकडे नवे साहेब आले आणि त्यांच्यामागोमाग ऑफिसात पहिला कम्प्युटर आला. साहेबांनी मला बोलावून हुकूम दिला, सगळ्या खबऱ्यांची नावं-पत्ते लिहून दे, यात चढवायचे आहेत.

मी विचारलं, "जनाब, इसे पढ़ेगा कौन?"

"सिर्फ मैं."

"और जो टाइप करेगा? और जो उसके पीछे खड़ा चाय पिएगा?"

साहेब वैतागले. "जिद मत करो यार. आधे नाम दे दो, आधे रहने दो. राजीनामा कर लो."

दिल्लीच्या ठाण्यात आणि कोर्टात राजीनामा म्हणजे समेट. दोघं भांडणारे एकेक पाऊल मागे येतात, कागदावर सह्या करतात, झाला राजीनामा. मला हे इतकं अंगवळणी पडलेलं की घरी आल्यावरही तोच शब्द तोंडातून गेला.

बायको कणीक मळत होती. मी म्हणालो, "साहेब खबऱ्यांची नावं मागतायत, त्या गॅरेजातल्या माणसाचंही. मी नाही म्हटलं, तर म्हणतात राजीनामा करा."

तिचे हात थांबले. "मग द्या."

"काय, नावं?"

"नावं कशाला? राजीनामा द्या."

तिने मराठी अर्थ घेतला होता. समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ती हात धुऊन, मुलाच्या वहीचं पान फाडून बसलीसुद्धा. ती दहावी झालेली, माझे अर्ज तीच लिहायची. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विषय: राजीनामा'. खाली सगळं मराठीत.

"अगं, साहेबांना मराठी कुठे येतं?"

"तुमची सही तर कळेल?"

"आणि आपण खायचं काय?"

"मी पोळ्या लाटीन. अहो, त्या माणसाला बायको असेल ना? तिने भांडीकुंडी उचलून पळायचं का?"

मी सही केली. "तारीख राहिली."

"ती देताना घाला."

दुसऱ्या दिवशी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वरचा शब्द वाचला आणि चेहरा खुलला. "देखा! मान गए न!" मग खालचं वाचायला गेले. अडखळले. कागद उलटा करून पाहिला.

"इसमें नाम कहाँ हैं?"

"एक ही है जनाब. नीचे. मेरा."

"ये कौनसी भाषा है?"

"मेरी घरवाली की. इसमें राजीनामा माने इस्तीफा."

साहेबांनी हरयाणवी पोराला आत बोलावलं. गॅरेजातल्या खबऱ्याचं नाव सांग म्हणाले. त्याची जीभ मला माहीत होती. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "जनाब, मैं तो भूल गया." मग बाकीचे पाच. सगळे विसरले.

साहेबांनी कागद माझ्या अंगावर फेकला. "इस्तीफा भी ढंग से नहीं लिखते. तारीख तक नहीं." मला मालखान्यात बसवलं, म्हणजे जप्त केलेल्या सामानाच्या खोलीत. निवृत्त होईपर्यंत तिथे धूळ खाल्ली. पण गॅरेजातल्या त्या खबऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. आणि तो शब्द घरी मी कधीच दुरुस्त केला नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. दवाखान्यात तिला म्हटलं, "अगं, तो माणूस कोण ते सांगू का? तुझ्या जिवावर वाचला तो."

"नको," म्हणाली. "आता मला कशाला यादीत घालता?"

तिच्या चपला दाराशीच आहेत. सून उचलून ठेवते, मी परत आणून ठेवतो. माझं घर आहे.

मागच्या आठवड्यात जुन्या ऑफिसातून कोणाचा तरी फोन आला. नव्या पोरांना शिकवायला पुस्तक काढतायत म्हणे. "उस्तादजी, अब तो नाम बता दो, सब बूढ़े हो गए."

"उनके बच्चे बूढ़े नहीं हुए," म्हटलं आणि फोन ठेवला.

मग तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या खाली तो कागद तिने घडी घालून ठेवला होता, पुन्हा कोणी मागितलं तर लागेल म्हणून. वहीचं पान पिवळं पडलंय. माझी सही आहे. तारखेची जागा अजून कोरी आहे.