अर्धा फ्लॉवर

एकट्या माणसाने फ्लॉवर घेऊ नये, हे माझं ठाम मत. पहिल्या दिवशी कौतुकाने खातो, दुसऱ्या दिवशी नाइलाजाने, तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघवत नाही. माझ्या वरच्या मजल्यावरच्या सुमित्राताईंनी यावर सोपा उपाय काढला होता: भाजी आणायचीच नाही. त्यांचे यजमान गेल्यापासून सकाळी खिचडी आणि रात्री उरलेली खिचडी. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर पोरांना डबा संपवायला लावणारी ही बाई!

जानेवारीत त्यांना चक्कर आली. बंगलोरहून मुलाचा, अविनाशचा फोन आला. "होळीला येतोय. तू अशीच जेवणार असशील तर सरळ माझ्याकडे चलायचं."

मयूर विहारचं घर सुटणार म्हटल्यावर ताईंची झोप उडाली. सकाळी तरातरा भाजीच्या ठेल्यावर गेल्या. तिथे समोरच्या फ्लॅटमधल्या सरलाजी चड्ढा उभ्या होत्या. त्याही एकट्याच.

"अकेली के लिए इतनी बड़ी गोभी?" हातातला फ्लॉवर बघत सरलाजी पुटपुटल्या.

"आधी गोभी मुझे दे दीजिए," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून एकीने एक भाजी घ्यायची, दुसरीने दुसरी, आणि दारातच वाटून टाकायची. फ्लॉवरबरोबर मटार, पालकाबरोबर कोवळे हरभरे, पातीच्या कांद्याला नवा बटाटा. सुरुवातीला एकदा दोघींनीही मेथीच आणली आणि आठवडाभर कडू तोंडं करून फिरल्या. मग बाजाराला निघताना समोरची बेल वाजवायची, असं ठरलं. ताईंनी मटारच्या उसळीत गूळ घातला तेव्हा सरलाजी किंचाळल्याच, "मटर में मीठा? हाय रब्बा!" पण वाटी चाटूनपुसून परत आली.

होळीला अविनाश आला. एकटा जीव सदाशिव, पण हट्टाला अगदी आईवर गेलेला. परतीची दोन तिकिटं काढूनच आला होता. आईचा रक्ताचा रिपोर्ट चांगला निघाला तरी म्हणे, "माझी पाठ वळली की पुन्हा खिचडी!" मी तिथेच मटार सोलत बसले होते. असा राग आला मला!

कांदा चिरता चिरता ताईंनी सुरी खाली ठेवली. "अवि, भाजी मिळत नव्हती म्हणून का माझं जेवण सुटलं होतं? कुणासाठी चिरायची, तेच कळत नव्हतं. मला सांग, तुझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं?"

"आहे कोणीतरी," अविनाश आठवत म्हणाला. "बाहेर शूज असतात."

"मग तिथे मी कुणाशी वाटून खाऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही कांद्याच्या नावावर खपून गेलं.

अविनाश एकटाच परत गेला. आठवड्याभराने ताई हसत हसत माझ्याकडे आल्या. "अविचा फोन होता. समोर एक ओडिया मुलगा राहतो म्हणे. दोघांनी मिळून लाल भोपळा आणलाय आणि आता विचारतोय, आई, याचं करायचं काय?"