ओव्याचं वाण

संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या गाळण्या देऊन-घेऊन मला वीट आला होता. डिंडोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला चार घरी जा, चार गाळण्या घेऊन या. म्हणून यंदा मी जाहीर केलं, की वाणाला झाड देणार. आमचे हे हसले. "या बायकांनी आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीखेरीज काही हिरवं हातात धरलंय का?" म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. निम्म्याजणी घरी बसून साड्यांना खडे लावतात, कुंडीकडे बघायला फुरसत कोणाला? तेव्हा दुर्लक्ष झालं तरी जगेल, असंच झाड शोधायचं होतं.

गुलाबाचा विचारच नको. गुलाब म्हणजे सणाला आलेला जावई, जरा कमीजास्त झालं की तोंड फिरवतो. मनीप्लांट सोपा, पण तो चोरून आणला तरच लाभतो असं बायकांचं ठाम मत. हातात दिलेला कोण घेणार? कोरफडीला काटे, आणि वाणात काटे द्यायचे नसतात. तुळस मी मुद्दाम टाळली. आमच्या गॅलऱ्यांत ऊन कमी, तुळस टिकत नाही, आणि तुळस वाळली की घरातली बाई धसका घेऊन बसते. शेवटी ओवा ठरला. भजी करतात तो, जाड लवदार पानांचा. फांदी मोडून मातीत खोचली की लागते, आणि पाणी घालायला विसरलात तरी रागावत नाही. माझ्याच कुंडीतल्या फांद्या मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावल्या, डब्यांच्या बुडाला तापल्या सळईने भोकं पाडली, बाहेरून कुंकवाचं बोट ओढलं. देताना प्रत्येकीला बजावलं, "मातीत बोट खुपसून बघा, कोरडी लागली तरच पाणी घाला."

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या थोरल्या बाई, ज्यांना प्रत्येक गोष्टीत शास्त्र आठवतं, डबा कपाळाला लावून म्हणाल्या, "जिवंत वाण आहे हो. वाळू देऊ नका. सौभाग्याचं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी आलेल्या सवाष्णीला काय बोलणार? बायकांचे चेहरे बघता बघता बदलले. डबे सगळ्यांनी दोन्ही हातांनी धरले. तुळस टाळून मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. वाणाचं कुंकू लागलं की ओव्याचीही तुळस होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांच्यात समोरच्या विंगेतली एक पोरगी होती. खानदेशातली, लग्न होऊन नुकतीच आलेली. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. हळदीकुंकू झालं आणि त्याच आठवड्यात तो तापाने आडवा झाला. न्यूमोनिया निघाला, सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. रात्रंदिवस त्याच्याजवळ दीर बसायचा. ही सकाळी डबा पाठवायची आणि संध्याकाळी भेटायच्या वेळेला जायची. मधला सगळा दिवस घरात एकटी.

मी तिच्याकडे भाजी घेऊन गेले तर गॅलरीत वाणाचा डबा होता. उत्तरायणच्या पतंगांचा मांजा अजून जाळीत गुंतलेला, आणि त्याखाली माझा ओवा पिवळा पडलेला. फरशी खराब होऊ नये म्हणून डब्याखाली ताटली ठेवली होती आणि ती पाण्याने काठोकाठ भरली होती. खोड बुडाशी काळं, मऊ झालेलं.

"अगं, काहून एवढं पाणी?" मी विचारलं.

"दवाखान्यातून फोन आला की भीती वाटते, मावशी. मग एक तांब्या घालते."

मी ताटली ओतून दिली. म्हटलं, आता काही दिवस थेंबही घालू नको. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "पाणी बंद केलं तर काही होणार तर नाही ना?"

कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते. चहा टाकायच्या आधी मी खिडकीशी जायची. पान गळलेलं दिसलं की चहा टाकायचाच राहायचा, आणि मग स्वतःचाच संताप यायचा. थोरल्या बाईंच्या शास्त्राला नावं ठेवणारी मी, त्या पोराची तब्येत एका दह्याच्या डब्यावरून जोखत होते! खोड कुजलेलं, म्हणजे झाड जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त तो घरी येईपर्यंत टिकू दे, एवढंच म्हणायची. शेवटी मी तसाच डबा शोधला, त्यात चांगली भरलेली फांदी लावली, कुंकवाचं बोट ओढलं. ती दवाखान्यात गेली की शेजारणीकडून किल्ली घेऊन बदलून यायचं, असं ठरवलं.

पण एका सकाळी गॅलरीत डबाच दिसला नाही. पिशवीत माझा डबा घातला आणि तशीच जिना उतरून समोरच्या विंगेत चढले. दारात रडण्याचा आवाज येतो का, ते आधी ऐकलं. नव्हता.

तिनेच दार उघडलं. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. आज ती घरच्या खानदेशी बोलीतच बोलली.

"कसा आहे तो?"

"तसेच शेतस. ऑक्सिजन चालूच शे." मग म्हणाली, "मावशी, मी ते झाड उपटी टाकं. रोज तेनाकडे देखीसन मना जीव जाये. आते फक्त त्यासनी काळजी करसू."

पिशवी मी पाठीमागे धरली होती, ती तिने पाहिली.

"थैलीमा काय शे?"

"ओव्याची पानं," मी म्हणाले. "भजी करू म्हटलं."

पिशवी उघडावीच लागली. तिने डबा पाहिला, त्यावरचं कुंकू पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. आता ही चिडणार, असं वाटलं. ती आत गेली आणि बेसनाचा डबा घेऊन आली.

"मंग करा," म्हणाली. "कालपासून मना घशाखाली काही उतरनं नही."

कढई तापत ठेवून मी खालून एकेक पान तोडू लागले. शेंड्याशी आल्यावर माझी बोटं थांबली. शेंडा राहिला तर पुन्हा फुटतो, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने हात पुढे केला, शेंडा खुडला आणि बेसनात टाकला.

पहिला घाणा तिने उभ्यानेच खाल्ला. खाताना ती रडत होती, आणि खात होती.