काठाची शेवटची घडी

दिवाळीच्या सुटीत मी जेऊरला बहिणीकडे गेलो होतो. सोलापूरला परत येऊन सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीचं कुलूप काढतो न काढतो तोच नागमणी जिना चढून वर आली. राजय्या विणकराची ही थोरली मुलगी, वडिलांना तेलुगूत नान्ना म्हणणारी. काखेत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. "आमचे नान्ना गेले, मास्तर," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "बारा दिवस झाले. मागावर बसल्या बसल्याच गेले." मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काय केलं ते मात्र नीट आठवतं आणि त्याची लाज वाटते. मी गाठोड्याकडे पाहिलं, तिला घाईघाईनं आत घेतलं आणि दाराला कडी घातली. इतक्या वर्षांचा मित्र गेल्याची बातमी कानावर आली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की जिन्यात हिला कुणी पाहिलं तर नसेल ना? नागमणीनं गाठोडं टेबलावर ठेवलं. "हे तुमालाच द्यायला सांगितलं होतं. पार शेवटापर्यंत उघडा म्हनाले." ती गेल्यावर मी ते न उघडताच ट्रंकेच्या तळाशी सरकवलं आणि वर हिवाळ्याची पांघरुणं ठेवली.

मी स्वभावानं भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेत चित्रकला शिकवतो. वांगं, तांब्या, अर्धं कापलेलं लिंबू आणि त्यांच्या सावल्या, हा माझा प्रांत. राजय्या मला भेटला तो मोरामुळे. साखर पेठेतल्या त्याच्या मागावर साडीच्या काठाला मोर घालायचा होता, म्हणून तो 'खरा मोर' काढून मागायला शाळेत आला. मी दोन दिवस खपून पिसाऱ्यासकट मोर काढला, खाली मऊ सावलीही दिली. त्यानं कागद बराच वेळ न्याहाळला आणि गंभीरपणे विचारलं, "मोर झ्याक हाय. पण मास्तर, सावली कशी विनू?" मी चिडलो. त्यानं मला घरी नेलं आणि बारीक चौकटींच्या कागदावर माझ्याच मोराची घरं पाडून दाखवली. एक घर म्हणजे एक धागा. कडेला आकडे, बारा, चार, बारा, दोन. मध्ये खुणेचे लाल ठिपके. "ह्याला आमी नक्शा म्हनतो," तो म्हणाला. हा एक शब्द पुढे आम्हां दोघांना कुठे नेऊन उभं करणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

मग माझं त्याच्याकडे जाणं वाढलं. आमच्या हेडमास्तरांकडे विलायतेहून एक मासिक येई. त्यात एकदा एका युरोपियन चित्रकाराचं चित्र छापून आलं होतं. नुसत्या तिरक्या रेघा आणि चौकोन. सोबतच्या लेखात म्हटलं होतं, की तिकडे काही चित्रकारांनी वस्तूंशी फारकत घेतली आहे. यापुढे चित्र कशाचंही नसेल, ते नुसतं चित्र असेल. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरधरून हसलो. राजय्यालाही हसवावं म्हणून मी तो अंक साखर पेठेत नेला. तो हसला नाही. त्यानं पान आडवं धरलं, उलटं धरलं, परत सरळ केलं. "चारी बाजूंनी उभं राहतंय की. रंग कुठले होते ह्यात?" छपाई काळी होती, मला काय ठाऊक. मी म्हणालो, अरे, पण हे आहे कशाचं? तेव्हा त्यानं दाराबाहेर बोट दाखवलं. उंबऱ्यापुढे त्याच्या बायकोनं सकाळी ठिपक्यांची रांगोळी घातली होती. "हा मुग्गु कशाचा हाय, सांगा. कशाचाबी न्हाय. पन एक दिवस घातला न्हाय तर दार भुंडं दिसतंय. आनि तुमचा मोर? लांबून मोर. मागावर नाक लावून बसलं की मोर कुटं हाय? नुसती लाल-हिरवी घरं. लोकांना मोर लागतो म्हनून विनतो. मला जवळचंच आवडतंय."

त्यानंतर तो सुटीच्या दिवशी मोराविना नक्शे करू लागला. एकाही नक्शात काही ओळखीचं नसे. तांबड्याच्या कुशीत काळा, काळ्याला अडून एक पिवळी पट्टी, आणि ती पट्टी जिथे संपावी असं वाटे तिथे न संपता पुढे गेलेली. हे काय म्हणून विचारलं की तो तेलुगूत म्हणे, "एमी लेदु." काही नाही! खरं सांगतो, मला त्या चित्रांची भीती वाटे. वांग्याचं चित्र पाहताना वांगं हाताशी असतं, नजर त्याला धरून उभी राहते. इथे धरायला काहीच नसे. एक कागद मी एकदा तासभर पाहत बसलो आणि शेवटी तो पालथा घालून ठेवला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावासा वाटला, हेही तितकंच खरं. त्याच्या घराला ओल येई, म्हणून असे बारा-तेरा कागद त्यानं माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला दिले. एकच स्वतःजवळ ठेवला, वीतभर रुंद आणि हातभर लांब. त्याच्या मते त्यात पहिल्यांदाच सगळं जमलं होतं.

तीस सालचे लष्करी अमलाचे दिवस सोलापूरकरांना सांगायला नकोत. टोपी घालावी की नाही, दोघांनी मिळून चालावं की नाही, खिडकी उघडी ठेवली तर चालेल का, माणसं एकमेकांना कुजबुजत विचारायची. गल्लीत बूट वाजले की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी जागचं हलत नसे. अशाच एका सकाळी राजय्याच्या घराची झडती झाली आणि तो एकुलता कागद सापडला. हवालदार लांबच्या मुलखातला. त्यानं विचारलं, हे काय? आणि ज्या दिवसांत 'काही नाही' हे सर्वांत संशयाचं उत्तर होतं, त्या दिवसांत राजय्यानं आपल्या परीनं सरळ उत्तर दिलं. "नक्शा हाय, साहेब." हवालदारानं कागदावर लिहून घेतलं, नकाशा. चौकटी म्हणजे गल्ल्या झाल्या. लाल ठिपके म्हणजे पहारे. बारा, चार, बारा, दोन म्हणजे शिपाई.

ही बातमी मला त्याच्या बायकोच्या निरोपावरून कळली. मी काय केलं? कचेरीकडे धावलो असं लिहिता आलं असतं तर किती बरं वाटलं असतं. मी आधी आंघोळीचा बंब पेटवला. खणातले सगळे कागद एक एक करून आत घातले. एक कागद बाहेरच पडला, तो मी पायानं आत ढकलला. मग राख ढवळली, तोंड धुतलं, आणि थोड्याच वेळात शिपाई मला बोलवायला आला. चित्रकलेचा माणूस म्हणून साहेबाला माझं मत हवं होतं.

टेबलामागे गोरा साहेब, बाजूला दुभाष्या फौजदार आणि कोपऱ्यात उकिडवा बसलेला राजय्या. "नकाशा कशाचा?" फौजदार पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि राजय्या दर वेळी जास्तच कळवळून सांगत होता, "नक्शा हाय ओ साहेब, नुसता नक्शा!" तो एकेका शब्दानं आणखी खोल चालला होता. शेवटी मी कसाबसा म्हणालो, "साहेब, हा नकाशा नव्हे. साडीचा काठ आहे." राजय्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मी त्याला वाचवत होतो, आणि त्याच वाक्यात त्याचं चित्र मोडत होतो... दोन्ही गोष्टी त्याला कळत होत्या.

साहेब मूर्ख नव्हता. त्यानं कागदावर काठी फिरवली. काठ असेल तर यात एकच आकृती दोनदा आलेली दाखवा, म्हणाला. ती येतच नव्हती. मग हुकूम झाला. काठ आहे ना? तर विणून आणा. तीन दिवस. विणकर घरी जाईल, जामीन हा मास्तर. तीन दिवसांत काठ आला नाही तर दोघंही आत. ते तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ज्यात काहीच पुन्हा येत नाही तो नक्शा काठ कसा होणार? पण राजय्या आणि त्याची बायको मागापुढच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून उठली नाहीत. कागद कचेरीतच होता, तेव्हा त्यानं आठवणीतूनच चित्राचा चार बोटांचा तुकडा घेतला आणि तोच पुढे, तोच पुढे, असा विणत गेला. तिसऱ्या सकाळी त्यानं घडी केलेली पट्टी माझ्या हातात दिली. "तुमीच न्या, मास्तर. माझ्या हाताला घाम हाय."

कचेरीत राजय्या माझ्या मागे उभा राहिला. साहेबानं काठीच्या टोकानं पहिली घडी उलगडली. दुसरी. तिसरी. सगळीकडे तेच तांबडं-काळं, तीच पिवळी पट्टी. चौथ्या घडीवर काठी थांबली. पुढेही हेच आहे का, त्यानं फौजदारामार्फत मला विचारलं. "हेच, साहेब," मी छातीठोकपणे म्हणालो. "काठ म्हणजे शेवटपर्यंत हेच." साहेबाला कंटाळा आला होता. त्यानं कागद फाडून टोपलीत टाकला आणि पट्टी आमच्याकडे सरकवली. बाहेर आल्यावर राजय्या भिंतीला टेकून खाली बसला. घामानं चिंब झाला होता. थोड्या वेळानं हसला. "मास्तर, तुमी लई झ्याक खोटं बोलता." मी समजलो, चित्राला काठ म्हणाल्याबद्दल म्हणतोय.

महिनाभरानं त्यानं आपले कागद मागितले. मी जाळल्याचं सांगितलं. तो रागावेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. त्यानं एवढंच विचारलं, "कुठला रंग आधी गेला?" मी म्हणालो, मी पाहिलं नाही. "बघायचं होतं की, मास्तर." त्यानंतर आठ वर्षं त्यानं मोर विणले, कुयऱ्या विणल्या, गिऱ्हाइकाला हवं ते विणलं. मोराविना एकही नक्शा केला नाही. आमची मैत्री राहिली, चहा राहिला, पण त्या विषयाला दोघांनी हात लावला नाही. त्याची सगळी चित्रं मीच नाहीशी केली, हे ओझं मी या आठ वर्षांत एकट्यानं वाहिलं.

मग एका रविवारी धीर करून ट्रंक उघडली. गाठोड्यात तीच पट्टी होती. मी ती टेबलावर उलगडत गेलो. पहिली घडी, दुसरी, तिसरी, चौथी, सगळा तोच काठ. पाचवी उलगडली आणि मी खुर्चीचा हात धरला. काठ तिथे संपला होता. पुढे हातभर लांबीत ते चित्र होतं, संपूर्ण. एकही आकृती दोनदा न आलेलं, पिवळी पट्टी थेट कडेपर्यंत गेलेली. काठी जिथे थांबली होती, त्याच्या पुढच्याच घडीत... आणि ते माझ्या हातांनी मी त्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं! घाम त्याच्या हाताला का आला होता, ते मला तेव्हा, आठ वर्षांनी, कळलं.

तसाच साखर पेठेत गेलो. नागमणीला विचारलं, एवढी वर्षं त्यानं मला का सांगितलं नाही? ती संकोचली. मग म्हणाली, "म्या विचारलं होतं. नान्ना म्हनले, मी असेपर्यंत नगं. मास्तर भितील आनि जाळतील."

खरं होतं ते. त्या दुपारी पट्टी उलगडल्यावर माझी पहिली नजर बंबाकडेच गेली होती. आता ती पट्टी माझ्या खाटेसमोर खिळ्याला टांगलेली आहे, काठाचा भाग मागे दुमडून. दूधवाली रोज विचारते, हे कशाचं? मी सांगतो, कशाचंच नाही. तिला ते पटतं, आणि ती पातेल्यात दूध ओतता ओतता त्याच्याकडे पाहत राहते. जिन्यात बूट वाजले की अजूनही माझा हात त्या खिळ्याकडे जातो. आजवर ती खाली काढलेली नाही.